पाय जाण्याआधी

कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांची निगा कशी राखावी, हे भारताने जगाला शिकवले. तेच ज्ञान मधुमेहींच्या पायांपर्यंत मात्र पोहोचलेले नाही. जबलपूरसारख्या शहरातून त्याचा आरंभ करता येईल आणि त्यासाठी नव्या विज्ञानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम हा केंद्र सरकारचा उपक्रम कानपूरला आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या निगमाचे एक पूरक उत्पादन केंद्र जबलपूरला आहे. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली, कृत्रिम हातपाय अशी साधने निगम बनवतो आणि शासकीय योजनांतून ती देशभर वाटली जातात. मधुमेहामुळे जबलपूरच्या एखाद्या गरीब रहिवाशाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तर शासन त्याच्यासाठी तीन वेळा हजर होते. आयुष्मान भारत योजनेत त्याचे नाव असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च भागतो. पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर साहाय्यक साधनांच्या योजनेतून कुबड्या किंवा कृत्रिम पाय मिळू शकतो. ही व्यवस्था उभी करायला अनेक दशके लागली आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु सहा महिने मागे जाऊ. त्याच माणसाच्या तळव्यावर तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढी एक जखम होती. त्या वेळी त्याला हवे होते ते एक नीट घातलेले प्लास्टर, काही आठवड्यांची देखरेख आणि जखम भरल्यावर मऊ तळाच्या चपलांचा जोड. या तीन गोष्टींचे उत्तरदायित्व कोणत्याही एका योजनेकडे नाही. पाय गेल्यावर शासन येते. पाय जात असतो तेव्हा त्याला ते दिसत नाही.

मी वैद्यकाचा माणूस नाही. इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि नंतरची उमेद प्रशासनात गेली. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण हा प्रश्न औषधशास्त्राने बराचसा सोडवलेला आहे. तो अडला आहे तो खात्यांच्या सीमारेषांवर आणि अहवालांच्या रकान्यांत. त्या प्रदेशाची मला थोडीफार ओळख आहे.

प्रथम व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आढळले. मध्य प्रदेश आज कमी प्रमाणाच्या राज्यांत मोडतो. पण अशाच राज्यांत येत्या काळात वाढ वेगाने होईल, असा इशारा संशोधकांनी दिला आहे. म्हणजे गोव्यासारखी राज्ये आज जिथे आहेत, तिकडे जबलपूरची वाटचाल सुरू आहे. तयारी करायची तर ती आताच.

मधुमेह झालेल्या व्यक्तीला आयुष्यात कधी तरी पायाचा व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असल्याचे वैद्यकीय साहित्य सांगते. हे अंदाज मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांवर आधारलेले आहेत. त्यातला खालचाच आकडा आपल्याला लावला, तरी आजच्या मधुमेहींपैकी सुमारे १ कोटी ९० लाख जणांच्या वाट्याला ही जखम येऊ शकते. एकदा भरलेला व्रण वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. मधुमेहींच्या अवयवच्छेदांपैकी सुमारे ८५ टक्क्यांची सुरुवात पायावरच्या एका व्रणापासून होते. पायाचा मोठा भाग कापावा लागलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांत दगावतात. कित्येक कर्करोगांतही याहून बरी आशा असते.

ही जखम होते कशी, हे समजून घेतल्याशिवाय उपाय कळत नाही. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या मज्जातंतूंची हानी होते आणि वेदना हरपते. वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. चपलेत खडा आला की निरोगी माणूस दोन पावलांत थांबतो. बधिर पायाचा माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. स्नायू दुबळे होऊन बोटे आखडतात, चवड्याखालची हाडे पुढे येतात आणि त्याच जागी पावलागणिक भार पडत राहतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा हे संरक्षण आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो आतल्या मांसावर दाब वाढवतो आणि एके दिवशी त्याच्याखाली जखम तयार झालेली असते. ती दुखत नाही, म्हणून तिची दखल घेतली जात नाही. सोबत रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरण्यासाठी लागणारे रक्तच पोहोचत नाही. त्यात जंतुसंसर्ग शिरला की काही दिवसांत, कधी काही तासांत, प्रकरण हाताबाहेर जाते.

आता हाच पाय जबलपूरमध्ये कल्पून पाहा. ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनाला जाणारा माणूस चपला वर काढून ठेवतो आणि उन्हात तापलेल्या पायऱ्या उतरतो. ज्याला चटका जाणवतो तो झपाझप पाण्याकडे जातो. ज्याला जाणवत नाही तो सावकाश उतरतो आणि घरी जाईपर्यंत तळव्याला फोड आलेले असतात. नर्मदेची परिक्रमा परंपरेने अनवाणी करायची असते. महाराष्ट्रातून दरवर्षी या वाटेला लागणाऱ्यांत साठी ओलांडलेले स्त्री-पुरुष पुष्कळ असतात आणि त्यांच्यात मधुमेही नसतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. घरात अनवाणी वावरणे हा तर आपल्या शुचितेच्या कल्पनेचाच भाग आहे. याखेरीज जबलपूर हे तेंदूपानाच्या पट्ट्यातले जुने विडीचे केंद्र. हा पट्टा खाली गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत येतो. विडीच्या धुराने पायाच्या रक्तवाहिन्या आणखी आक्रसतात. साखर, धूर आणि अनवाणी पाय हे तिन्ही एका माणसाच्या ठायी एकत्र येणे इथे दुर्मिळ नाही.

जबलपूरमध्ये तीन पिढ्या स्थायिक असलेल्या एका मराठी कुटुंबातले गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. कारखान्यातून निवृत्त झालेले, मधुमेहाची गोळी नियमित घेणारे. एका संध्याकाळी दारात चपला काढताना पत्नीने विचारले, "अहो, चपलेला खाली हे काय चकाकतंय?" तो एक बारीक स्क्रू होता. तळ भेदून तो पायात गेला होता आणि ते दिवसभर त्याच्यासह बाजार, बँक, देऊळ असे फिरून आले होते. पुढचे चार महिने त्यांनी तीन ठिकाणी मलमपट्टी करून घेतली. तीनही ठिकाणी प्रतिजैविके बदलली, मलमे बदलली, साखर मोजली. ते पट्टी करून घ्यायला रोज चालत जात आणि चालत परत येत. तुम्ही या पायावर उभे राहता का, हे त्यांना कोणी विचारले नाही. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. आज त्यांच्याकडे उत्तम कुबड्या आहेत. नातवाला शाळेत सोडायला ते जात असत, ते काम आता सुनेकडे आहे आणि तिची नोकरी सुटली आहे. एका पायाच्या मागे घराचा हिशेब असा बदलतो.

त्यांना जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचे उत्तर या देशात पाऊणशे वर्षांपूर्वी सापडलेले होते. पॉल ब्रँड या शल्यविशारदाचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. आईवडील धर्मप्रचारक. इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांकडे वळले. कुष्ठरोगात बोटे सडून झडतात, असा तेव्हाचा सर्वमान्य समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या दिनक्रमाचे बारकाईने निरीक्षण केले. बोटे रोगाने आपोआप झडत नव्हती. वेदना नसल्यामुळे रुग्ण तापलेले भांडे हातात धरत, जखमी पायावर चालत राहत. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर ती कुरतडत होते आणि रुग्णाला जाग येत नव्हती. त्यावरचा उपाय औषधाच्या कपाटात नव्हता. रुग्णांना मांजरे पाळायला दिली गेली.

तळव्याच्या व्रणाबाबतही हाच धडा मिळाला. प्लास्टर घालून भार सर्व पावलावर विभागला की वर्षानुवर्षे न भरलेले व्रण भरतात, हे भारतात आणि सिलोनमध्ये कुष्ठरोगाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकातच पाहिले होते. वेल्लोरच्या परिसरात या पद्धतीला शास्त्रीय बैठक मिळाली. भरलेला व्रण पुन्हा होऊ नये म्हणून मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाच्या चपला तिथे विकसित झाल्या. 'एमसीआर' चप्पल या नावाने कुष्ठरोगाच्या क्षेत्रातला प्रत्येक कार्यकर्ता त्या ओळखतो. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहींचे बधिर पायही त्याच नियमांनी जखमी होतात आणि त्याच उपायांनी बरे होतात, हे तिथे सिद्ध झाले. आज जगभरात मधुमेहींच्या पायांची संवेदना ज्या नायलॉनच्या तंतूने तपासतात, त्याच्या वापराची मुळेही त्याच संस्थेत आहेत. कुष्ठरुग्णांच्या पायांवर शिकलेला धडा अशा रीतीने पश्चिमेच्या मधुमेह चिकित्सालयांत पोहोचला. तो आपल्या मधुमेह चिकित्सालयांत मात्र फारसा परतला नाही.

महाराष्ट्राला ही कथा परकी वाटू नये. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. अमरावतीचे तपोवन शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभे केले. त्यानंतर वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आले आणि १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. जखम धुणे, पाय रोज भिजवून तेल लावणे, आरशात तळवा पाहणे, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवणे या साध्या सवयी कुष्ठकार्यकर्त्यांनी हजारो निरक्षर माणसांच्या अंगवळणी पाडल्या. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात आजही बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआर चपला मोफत मिळतात. स्वतः घ्यायच्या काळजीचे साहित्यही मिळते.

हीच माझ्या म्हणण्याची गाभ्याची गोष्ट. एकाच जिल्ह्यात, एकाच आरोग्य विभागाच्या छत्राखाली, जंतूमुळे बधिर झालेल्या पायाला चप्पल देण्याची तरतूद आहे आणि साखरेमुळे बधिर झालेल्या पायाला नाही. पायाला कारण ठाऊक नसते. कारण फक्त लेखाशीर्षाला ठाऊक असते.

दुसऱ्या बाजूला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. तिशीवरील लोकांची तपासणी होते, आशा कार्यकर्ती घरोघर अर्ज भरतात, साखर व रक्तदाब मोजला जातो. २०२५ अखेर साडेसात कोटी मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य २०२३ मध्ये जाहीर झाले. हे काम मोठे आहे. मार्गदर्शक सूचनांत पायांच्या तपासणीचा उल्लेखही सापडतो. परंतु प्रशासनात उल्लेख आणि मोजणी यांत फार अंतर असते. किती जणांची तपासणी झाली, किती जणांचे निदान झाले, किती उपचारांवर आहेत, कितींची साखर नियंत्रणात आली, हे आढावा बैठकीत विचारले जाते. किती पाय तपासले आणि किती कापले गेले, हे विचारले जात नाही. जे विचारले जात नाही ते तालुक्याला होत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

उपचारांचे शास्त्र आता बऱ्यापैकी स्थिर आहे. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ मध्ये त्याची सुधारित मार्गदर्शिका काढली. पहिली पायरी रक्तपुरवठा पाहण्याची. पायाची नाडी लागते का, बोटांपर्यंत रक्त जाते का, हे न पाहता केलेला कोणताही उपचार आंधळा. पुरवठा रोखलेला असेल तर रक्तवाहिनी मोकळी करण्याचा विचार आधी. दुसरी पायरी संसर्गाची. लाली, सूज, दुर्गंधी, ताप दिसला तर वाट पाहायची नसते. पू मोकळा करून योग्य प्रतिजैविक द्यायचे असते. तिसरी पायरी घट्टा आणि मृत मांस वेळोवेळी कापून काढण्याची. चौथी पायरी जखमेवरचा भार काढण्याची. साखरेचे नियंत्रण या सर्वांच्या जोडीला. मलम आणि पट्टी यांचे स्थान यानंतरचे आहे. बाजारात नेमका याचा क्रम उलटा आहे: जे विकता येते ते आधी.

भार काढण्याबाबत तळव्याच्या पुढच्या वा मधल्या भागातील व्रणांसाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन ही मार्गदर्शिकेची पहिली शिफारस आहे. 'स्वतः काढता न येणारे' यावर भर देण्यामागे मनुष्यस्वभाव आहे. २००१ मधील एका अमेरिकी चाचणीत बारा आठवड्यांत प्लास्टर घातलेल्यांपैकी ८९.५ टक्के रुग्णांचे व्रण भरले. काढता येणाऱ्या बुटाच्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होते. दोन वर्षांनी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की काढता येणारा बूट दिलेले रुग्ण दिवसभरातील केवळ २८ टक्के पावले तो घालून टाकत होते. उरलेली पावले घरातली, अंगवळणी पडलेली, उघड्या जखमेवरची. प्लास्टरसाठी परदेशी यंत्र लागत नाही. मात्र ते घालणारा हात शिकलेला हवा, कारण बधिर पायावर चुकीचे घातलेले प्लास्टर नवी जखम करते. शिवाय गंभीर संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची मोठी कमतरता असेल तिथे ते घालायचेच नसते.

हे सारे संघटित केले तर काय होते, याचे पुरावे आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात मायकेल एडमंड्स यांनी १९८१ मध्ये मधुमेही पायांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. वैद्य, शल्यविशारद, परिचारिका, पायाची निगा राखणारा तंत्रज्ञ आणि पादत्राणे बेतणारा कारागीर एकत्र बसू लागले. काही वर्षांतच तिथले मोठे अवयवच्छेद निम्म्यावर आले. नवे औषध आले नव्हते. माणसे एका छताखाली आली होती.

जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. जबलपूर आणि नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते आणि आजही जबलपूरचे रुग्ण उपचारांसाठी दक्षिणेकडे नागपूरची वाट धरतात. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासमवेत आंतरराष्ट्रीय साहाय्याने 'स्टेप बाय स्टेप' हा प्रकल्प २००४ च्या सुमारास आकाराला आणला. त्याचे तत्त्व साधे होते. एकट्या डॉक्टरला प्रशिक्षण द्यायचे नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांची जोडी शिकवायची, तिला हत्यारांचा छोटा संच द्यायचा आणि काही काळाने पुन्हा बोलावून कामाचा हिशेब घ्यायचा. भारतासह शेजारी देशांतील अशा जोड्या त्यातून तयार झाल्या. विकसनशील देशांसाठी नमुना म्हणून त्याची नोंद झाली. नमुना उपलब्ध असूनही तो शासकीय जिल्हा रुग्णालयाचा नियम झाला नाही, ही आपली नेहमीची कहाणी.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला मनुष्यबळाचा: आशा आणि परिचारिकांवर आधीच कामांचा डोंगर आहे. म्हणून तपासणी अगदी लहान हवी. इंग्लंडमधील इप्सविच येथे विकसित झालेल्या चाचणीत कोणतेही उपकरण नाही. रुग्णाने डोळे मिटायचे आणि तपासणाऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना बोटाने हलका स्पर्श करायचा. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असे समजायचे. एक मिनिट पुरते. मात्र पुढे पाठवायला जागाच नसेल तर ही तपासणी निरर्थक ठरेल, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप वापराचा: चपला दिल्या तरी लोक घालत नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि त्यामागे दोन कारणे आहेत. एमसीआर चप्पल वर्षानुवर्षे एकाच ठरावीक घडणीची दिली गेल्याने ती कुष्ठरोगाची खूण बनली. कुष्ठरुग्णही ती घालून गावात जायला संकोचतात. दुसरे, घरात चप्पल घालणे आपल्याला रुचत नाही. पहिल्यावर उपाय रंगरूपाचा आहे: तळ मऊ रबराचा, वरून ती बाजारातल्या चपलेसारखीच दिसली पाहिजे. दुसऱ्यावर उपाय घरासाठी वेगळा जोड देण्याचा आणि तो देवघरापर्यंत चालतो हे घरातल्या ज्येष्ठांनी मान्य करण्याचा.

तिसरा आक्षेप पैशाचा. अवयवच्छेद, रुग्णालयातला मुक्काम, कृत्रिम पाय आणि बुडालेली मिळकत यांच्या बेरजेपुढे प्लास्टर व चपलेचा खर्च नगण्य आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. अडचण अशी की पहिला खर्च एका खात्याच्या विमा योजनेतून, दुसरा दुसऱ्या खात्याच्या साधनवाटपातून आणि तिसरा कुटुंबाच्या खिशातून जातो. बचत कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून जबलपूर जिल्ह्यासाठी काही ठोस सूचना करतो. त्या अन्य जिल्ह्यांनाही लागू पडाव्यात.

पहिली, बधिर पायाची व्याख्या कारणनिरपेक्ष करावी. कुष्ठरोग कार्यक्रमातील चपलांची तरतूद असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाशी जोडावी आणि कुष्ठरोग विभागाच्या अनुभवी कर्मचाऱ्यांनी मधुमेह विभागातल्या परिचारिकांना शिकवावे. कुष्ठरुग्णांची संख्या घटत असताना हे कौशल्य निवृत्तीबरोबर नाहीसे होण्याच्या मार्गावर आहे. ते हस्तांतरित करण्याची ही अखेरची दहा-पंधरा वर्षे असू शकतात.

दुसरी, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस पायांचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा: एक डॉक्टर, एक परिचारिका, एक प्लास्टर तंत्रज्ञ आणि एक चर्मकार. चर्मकाराचे नाव मी मुद्दाम घेतो. १९६८ सालचे 'जयपूर फूट' डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याइतकेच कारागीर रामचंद्र शर्मा यांचे अपत्य आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पाय वाचवण्याच्या कामातही असाच कारागीर लागतो आणि त्याला मानधनावरच्या पदाची प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. जबलपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तोफगाडी व वाहन कारखान्यांतून घडलेल्या कुशल कारागिरांची परंपरा आहे आणि कृत्रिम अवयव निगमाचे केंद्रही आहे. जे केंद्र गेलेल्या पायासाठी साधने बनवते, ते धोक्यातल्या पायासाठी तळवे बनवू शकेल.

तिसरी, आयुष्मान योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. तिच्यात व्रणाच्या बाह्यरुग्ण उपचारांचे एक पॅकेज हवे: प्लास्टर, त्याचे नियतकालिक बदल आणि शेवटी चपला. आज पाय वाचवणारा उपचार योजनेबाहेर आणि पाय काढणारा योजनेत, असा उफराटा प्रकार आहे.

चौथी, रोजंदारीची. विडी वळणाऱ्या बाईला किंवा ई-रिक्षा चालवणाऱ्या माणसाला सहा-आठ आठवडे पाय जपायला सांगणे म्हणजे उपाशी राहायला सांगणे. क्षयरुग्णाला पोषणासाठी थेट खात्यात रक्कम देण्याची पद्धत आपण स्वीकारली आहे. प्लास्टरच्या काळापुरता असाच निर्वाहभत्ता द्यावा.

पाचवी आणि सर्वांत स्वस्त. जिल्ह्यातील प्रत्येक शासकीय व खासगी रुग्णालयाने घोट्याच्या वर झालेल्या प्रत्येक अवयवच्छेदाची, रुग्णाला मधुमेह होता की नाही या नोंदीसह, दरमहा माहिती द्यावी आणि तो आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात यावा. मातामृत्यूंबाबत आपण हेच केले. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी सुरू झाली, तेव्हा उशीर कुठे झाला हे दिसू लागले. कापलेल्या प्रत्येक पायाबाबतही तेच विचारता येईल: पहिली जखम कोणी पाहिली, पायाची नाडी कोणी तपासली, भार कोणी काढला.

युरोपातील देशांनी १९८९ मध्ये सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्याद्वारे मधुमेहामुळे होणारे अवयवच्छेद निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले होते. सर्वत्र ते वेळेत साधले नाही. पण उद्दिष्ट लिहिले गेल्यामुळे मोजणे सुरू झाले आणि मोजणे सुरू झाल्यावर फरक पडू लागला. आपल्याकडे असे उद्दिष्ट एखाद्या जिल्ह्याने स्वतःपुरते स्वीकारायला कोणाची मनाई नाही. त्यासाठी विधेयक लागत नाही. जिल्हा आरोग्य समितीचा एक ठराव आणि तिमाही अहवालात एक जादा रकाना पुरेसा आहे. पहिल्या वर्षी त्या रकान्यातला आकडा वाढलेलाच दिसेल, कारण आजवर तो कोणी लिहीत नव्हते. त्याने घाबरून रकाना रद्द न करणे, एवढे धैर्य तेव्हाच्या अधिकाऱ्याला दाखवावे लागेल.